देठ काढलेली मिरची

माघ सरत आला की कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात घरोघरी चटणीचा विषय निघतो. बाहेरगावच्या पाहुण्याला चटणी म्हटल्यावर ताटाच्या डाव्या बाजूची वाटी आठवते. येथे मात्र चटणी म्हणजे वर्षभराचे तिखट. मिरची वाळवायची, देठ खुडायचे, धने, तीळ, खोबरे आणि खडा मसाला तेलावर भाजायचा, सारे डंकावर नेऊन कुटून आणायचे आणि बरणीत दाबून भरायचे. पाच माणसांच्या घराला चार-पाच किलो चटणी सहज लागते. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी, आणि घाम फुटल्याशिवाय ज्यांना जेवल्यासारखे वाटत नाही त्यांच्यासाठी मूठभर लवंगी. प्रत्येक घरचे प्रमाण निराळे असते आणि ते सासूकडून सुनेकडे तोंडी जाते.

या पट्ट्यातील तालुक्याच्या एका गावी, पेठेच्या मध्यावर, एका जैन कुटुंबाचे किराणा दुकान आहे. मालकांना सारे गाव अण्णा म्हणते आणि त्यांच्या पत्नीला आक्का. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला. धाकटा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन, वर व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पुरा करून दुकानात बसला. त्याच वर्षी गावाबाहेर हमरस्त्यावर एक मोठे मार्ट उघडले. वातानुकूलित दालन, ढकलगाड्या, साखरेवर किलोमागे तीन रुपये सूट. अण्णांच्या दुकानातील साखर, तेल, साबण यांचा खप दोन महिन्यांत डोळ्यांना दिसेल इतका उतरला. रात्री गल्ला मोजायला पूर्वी अर्धा तास लागे. आता दहा मिनिटांत काम उरके आणि अण्णा काही न बोलता कुलूप लावीत.

धाकट्याचे निदान चुकीचे नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. त्याचे म्हणणे असे की कंपनीच्या साबणावर छापील किमतीखाली किती उतरायचे, हे जो एका वेळी शेकडो खोकी उचलतो तोच ठरवणार. तेथे पेठेतल्या दुकानाने झुंज घेण्यात अर्थ नाही. दुकानाजवळ असा काही माल हवा की जो मार्टमध्ये मिळत नाही. आणि तसा माल घरात होता. आक्कांच्या हातचा मसाला नातेवाईक पिशव्या भरभरून नेत असत. तो पाकिटात भरायचा, नाव द्यायचे आणि आसपासच्या खेड्यांतील दुकानांत ठेवायचा, अशी योजना त्याने वहीत नीट आखून वडिलांपुढे ठेवली.

वाद झाला तो एकाच मुद्द्यावर. या भागात खरा खप कांदा-लसूण मसाल्याचा. "अण्णा, तसा केला तर सहा महिन्यांत खेडीच्या खेडी घेतील," धाकटा म्हणाला. अण्णांनी चष्मा काढून पुसला. "आपल्या घरात जे शिजत नाही, ते आपल्या नावानं दुसऱ्याच्या घरात पाठवायचं नाही. बाकी तू काय करशील ते कर." मुलाने ऐकले. मसाला कांदा-लसणाशिवायचा झाला. पण असा मसाला ज्यांना हवा, ती घरे किती आणि कोठे, याचा विचार त्या संध्याकाळी दोघांपैकी कोणीही केला नाही. वडील तत्त्वावर समाधानी झाले आणि मुलगा परवानगीवर.

मग कामाला वेग आला. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक मिळाला. वैधमापनाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क, सारे छापून घेतले. हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूणही आली. पाकीट २०० ग्रॅमचे. मसाल्याचा लालभडक रंग हीच आपली जाहिरात, म्हणून पाकीट पारदर्शक ठेवले. स्कूटरवर दोन पिशव्या अडकवून धाकटा रोज चार-पाच गावे करू लागला आणि पावसाळ्याच्या तोंडाला साठ दुकानांत त्याचा मसाला टांगलेला होता. दिवाळीपर्यंत महिन्याला सरासरी दीड लाख रुपयांची बिले निघू लागली. मूळ दुकानाची उलाढाल वर्षाला २५ लाखांची. तीत नव्या व्यवहाराचे १८ लाख मिळवले की ४३ लाख होत होते. व्यवस्थापनाच्या वर्गात असा आलेख फळ्यावर काढला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या.

गल्ल्यात मात्र पैसा नव्हता.

याचे कारण मिरचीच्या स्वभावात आहे. नव्या मिरचीची मुख्य खरेदी माघ ते चैत्रात उरकावी लागते. माल चांगला असतो, वाळलेला असतो, आणि वर्षभराचा साठा त्याच वेळी करावा लागतो. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या बाजारातून माल उचलायचा तर पैसे वेळेवर द्यावे लागतात; तेथील अडत्या खेड्यातल्या दुकानदाराची सबब ऐकून घेत नाही. म्हणजे मार्चमध्ये रोख दिलेला रुपया ऑक्टोबरमध्ये पाकीट होऊन बाहेर पडला, आणि खेड्यातील दुकानदाराने "एक महिन्यानं देतो" म्हणून तीन महिन्यांनी दिला, तर तो घरी यायला जवळजवळ वर्ष उलटते. दीड लाखाची मासिक बिले आणि तीन महिन्यांची उधारी म्हटल्यावर साडेचार लाख रुपये कायमचे बाहेर अडकले. त्यावर १५ टक्के नफा धरला तर महिन्याला कागदावर साडेबावीस हजार दिसतात. पण तो नफा साठ गावांच्या फळ्यांवर पाकिटांच्या रूपाने लटकत होता. शिवाय बिल फाडले की पुढच्या महिन्यात त्यावरचा जीएसटी भरायचा. पैसे आले की नाही, हे तेथे कोणी विचारत नाही.

धाकटा बँकेत गेला. दुकानाचे कॅश क्रेडिट पाच लाखांचे होते. छोट्या उद्योगांसाठी नायक समितीने १९९२ मध्ये सुचवलेला ठोकताळा बँकांत अजूनही चालतो: वार्षिक अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के खेळते भांडवल लागते असे धरायचे, त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के मालकाने घालायचे. २५ लाखांचे २० टक्के म्हणजे पाच लाख, हा जुना हिशेब. आता ४३ लाखांवर साडेआठ लाखांहून अधिक मर्यादा मिळायला हवी, असे धाकट्याने नम्रपणे मांडले. गणित बिनचूक होते.

शाखाधिकाऱ्यांनी येणे असलेल्या रकमांची यादी मागितली. यादीत एकूण चार लाख सत्तर हजार रुपये येणे होते आणि त्यातले दोन लाख दहा हजार नव्वद दिवसांपूर्वीचे. नव्वद दिवसांहून जुनी येणी उचल ठरवताना बँक सहसा हिशेबात धरत नाही. पण अधिकाऱ्यांनी तेवढ्यावर न थांबता विचारले, "यातला माल दुकानदारांनी विकला आहे, की त्यांच्याकडे ठेवला आहे?" धाकट्याला उत्तर देता येईना. खेड्यातील दुकानदारांशी बोलणे झाले होते ते असे: खपला की पैसे, नाही खपला तर परत न्या. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षालाच 'विक्री किंवा परत' या अटीवर पाठवलेल्या मालाचे प्रकरण असते. समोरच्याने माल स्वीकारला किंवा त्याची मुदत उलटली, म्हणजे ती विक्री. तोपर्यंत तो माल आपलाच, फक्त दुसऱ्याच्या छपराखाली. धाकट्याने या प्रकरणावर परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. स्वतःच्या दुकानाच्या खतावणीत मात्र त्याने सारी पाकिटे विक्रीखाती टाकली होती. अशी चूक हुशार मुलेच करतात. मठ्ठ मुलगा साठ दुकानांपर्यंत पोचतच नाही.

अधिकाऱ्यांनी मर्यादा वाढवून दिली नाही. निघताना लिज्जत पापडाचे उदाहरण तेवढे सांगितले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरातील ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली. पुढे तो उद्योग देशभर गेला, पण वितरकाने माल उचलताना पैसे मोजायचे, ही शिस्त राहिली. लाटणाऱ्या भगिनीच्या हातावर तिची मजुरी ठेवायची असेल तर दुसरा मार्गही नव्हता. ज्याच्याजवळ भांडवल थोडे, त्याला उधारीवर बाजार विकत घेता येत नाही, एवढेच त्यांना सुचवायचे होते. धाकटा चहा अर्धा टाकून उठला. मर्यादा नाकारणारा माणूस वर गोष्ट सांगतो याचा राग येणे साहजिक आहे.

तरी दुसऱ्या दिवसापासून तो स्कूटर घेऊन निघाला, या वेळी माल गोळा करायला. महिनाभर फिरला. काही दुकानदारांनी पैसे दिले, काहींनी निम्मे दिले, काहींनी पाकिटांची माळ काढून हातात ठेवली. एका खेड्यातील म्हाताऱ्या दुकानदारीणबाईंनी जे सांगितले त्याने सारा उलगडा झाला. "मसाला चांगला हाय रे बाबा, पण ह्यात कांदा-लसूण न्हाई. आमच्या बायका वास घेत्यात आणि परत ठेवत्यात." मालात दोष नव्हता, ज्यांना तो नको होता त्यांच्या दारात तो टांगला होता. आणि दाराशी टांगल्यामुळे आणखी एक गोष्ट झाली होती. पारदर्शक पाकिटावर चार महिने ऊन पडून मिरचीचा रंग उडाला होता. रंग दिसावा म्हणून घेतलेल्या पाकिटानेच रंग खाल्ला. पुड्या विटेच्या भुकटीसारख्या दिसत होत्या.

परत आलेल्या पाकिटांचा ढीग माडीवर लागला. आता त्याचे काय करायचे, हा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. मुदत संपायला अजून पाच महिने होते, खायला अपाय काहीच नव्हता. धाकट्याने हळूच विचारले, की ताज्या मसाल्यात चौथा हिस्सा मिसळला तर कोणाला कळेल? अण्णा म्हणाले, "तुला कळंल, मला कळंल. आणि आक्का डबा उघडून बघणार, म्हणजे तिलाही कळंल." तो विषय तेथे संपला. ओळखीच्या एका शेतकऱ्याने सारा माल मागितला; तिखटाचे पाणी करून पिकावर किडीसाठी फवारणार होता, आणि थोडे पैसेही देणार होता. अण्णांनी त्यालाही नकार दिला. किडे मारण्यासाठी मसाला विकणे त्यांच्या मनाला पटेना. मुलाला त्या दिवशी वडिलांचा मनस्वी संताप आला. नुकसान तर झालेच आहे, त्यातले दहा-पंधरा हजार सुटत होते. अखेर अमावास्येच्या आदल्या रात्री परसात खड्डा घेऊन पाकिटे फोडून सारा मसाला पुरला. दोघेही शिंकत होते, डोळे पुसत होते, आणि एकमेकांशी बोलत नव्हते. असे नुकसान ताळेबंदात एका ओळीत मावते. घरात ते दोन महिने पुरते.

त्या दोन महिन्यांत माघ आला.

दुकानात मिरची आली, गच्चीवर वाळवण पडले. येथे आक्कांच्या एका जुन्या रीतीविषयी सांगावे लागेल. बाजारातली मिरची अनेकदा ओलसर असते. वजन वाढावे म्हणून पोत्यावर पाणी मारण्याची खोड या धंद्याला जुनी आहे. आक्का प्रत्येक पोते गच्चीवर पसरून खडखडीत वाळवून घेतात, ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय पोते खाली उतरत नाही. मग गल्लीतील सात-आठ बायका ओसरीवर बसून देठ खुडतात. किलोमागे बारा रुपये मजुरी. त्यामुळे अण्णांच्या दुकानातील ब्याडगीचा भाव ३४० रुपये आणि शेजारच्या दुकानात ३०० रुपये. नवी गिऱ्हाइके पाटीवरचा आकडा वाचून पुढे जात. जुनी येत, पण त्यांची संख्या दरसाल थोडी घटत होती.

एका सकाळी एक बाई थांबली आणि तिने तोंडावर विचारले, "का ओ अण्णा, चाळीस रुपये जास्त? मिरची काय सोन्याची हाय?" अण्णा एरवी हसून सोडून देत. त्या दिवशी काय झाले कोण जाणे, त्यांनी धाकट्याला शेजारच्या दुकानातून एक किलो मिरची विकत आणायला पाठवले. ती गल्ल्यासमोरच्या फळीवर ओतली, आक्कांना हाक मारली, आणि दोघांनी मिळून देठ खुडले. मिरची पुन्हा काट्यावर ठेवली. काट्याने ९१५ ग्रॅम दाखवले. अण्णांनी पाटीवर खडूने लिहिले: ३०० रुपयांत ९१५ ग्रॅम, म्हणजे किलोला ३२८. त्याखाली: खुडणाऱ्या बाईची मजुरी १२. त्याखाली रेघ मारून: ३४०. ओलाव्याचा हिशेब त्यांनी धरलाच नाही. शेजाऱ्याच्या मालाला पाण्याचे नाव घेणे त्यांना अप्रशस्त वाटले. बाईने पाटी वाचली, आपल्या बोटांकडे पाहिले (देठ खुडल्यावर दोन दिवस बोटांची आग होते, हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही) आणि तीन किलो मिरची घेऊन गेली. ती पाटी अण्णांनी पुसली नाही. दुकानाच्या तीन पिढ्यांतली ती पहिली जाहिरात असावी. तिच्यात विशेषण एकही नव्हते, फक्त भागाकार होता.

धाकटा हे सारे पाहत होता. त्याचे लक्ष त्यानंतर गेले ते आक्कांच्या वहीकडे. लाल कापडी बांधणीची ती वही मिरचीच्या पोत्यामागे खिळ्याला टांगलेली असे. तिच्यात उधारी नव्हती. कोणत्या घरी दरवर्षी काय जाते, हे आक्का वीस-पंचवीस वर्षे लिहून ठेवत होत्या: ब्याडगी तीन, संकेश्वरी एक, लवंगी पावशेर, धने इतके, तीळ इतके, दगडफूल चिमूट. नाव बहुधा घराच्या खुणेने, जसे 'विहिरीजवळचे मास्तर', 'पिठाच्या गिरणीमागच्या काकू'. लिहिण्याचा हेतू एवढाच की गिऱ्हाईक विसरले तर सांगता यावे. वहीत २१२ घरे होती. गिऱ्हाईक कोण, त्याला काय हवे आणि केव्हा हवे, हे शोधण्यासाठी ज्या विद्येची पुस्तके धाकट्याने दोन वर्षे वाचली, तिचे उत्तर त्याच्या घरात खिळ्याला लोंबत होते. आणि तो साठ खेडी फिरून आला होता.

तीन रात्री जागून त्याने ती वही मोबाईलमध्ये उतरवली. आक्का खुणा वाचून दाखवीत, तो फोन नंबर मिळवी. मग प्रत्येक घराला वेगळा निरोप गेला: गेल्या वर्षी आपण इतकी ब्याडगी, इतकी संकेश्वरी नेली होती, यंदाचा माल गच्चीवर वाळत आहे, हवी असल्यास निम्मी रक्कम आधी पाठवावी, देठ काढून, मसाला प्रमाणात बांधून तयार ठेवू. सोबत गच्चीवरच्या वाळवणाचे छायाचित्र. आगाऊ पैसे मागणे अण्णांना जड गेले. किराणा दुकानदार गिऱ्हाइकाला उधार देतो. गिऱ्हाइकाकडून उसने मागत नाही, अशी त्यांची समजूत. पण आठवडाभरात १६० घरांनी सरासरी हजार रुपये पाठवले. एक लाख साठ हजार रुपये, आणि ब्याडगीला जाण्यापूर्वी! साडेतीन लाखांच्या मिरचीखरेदीत जवळजवळ निम्मा पैसा गिऱ्हाइकांचा होता. आदल्या वर्षी साठ दुकानदारांनी अण्णांचे साडेचार लाख वापरले होते. या वर्षी गावाने अण्णांना बिनव्याजी भांडवल दिले. बँकेच्या खात्यात पाच लाखांची मर्यादा तशीच होती, आणि त्यातले दोन लाख उचललेच गेले नाहीत.

कांदा-लसणाचा तिढाही येथे आपोआप सुटला. दुकानाने कोरडे जिन्नस बांधून द्यायचे. कांदा-लसूण किती घालायचा, घालायचा की नाही, हे त्या त्या घराने पाहायचे. तसेही कोल्हापूरकडची कोणतीही बाई आपल्या चटणीतला लसूण दुसऱ्याच्या मर्जीवर सोडत नाही. ज्या घरांना बिनकांद्या-लसणाची तयार चटणी हवी, अशी नव्वदएक घरे पुणे-मुंबईत निघाली; बहुतेक येथल्याच सासरी-माहेरी गेलेल्या लेकींची. त्यांना आक्कांचा मसाला प्रवासी गाड्यांच्या पार्सलने जाऊ लागला, आता अपारदर्शक पाकिटात, आणि पैसे आधी. पूर्वीच्या साठ दुकानांपैकी तीन उरली. तिन्ही रोखीने घेतात.

दोन वर्षांनी उलाढाल ३१ लाखांवर आली. ४३ लाखांपेक्षा ती बरीच कमी आहे, आणि कधीकधी धाकट्याला तो जुना आकडा आठवून हुरहुर लागते, हे तो लपवत नाही. साखर-साबणाचा गेलेला खप परत आला नाही. तो येणारही नाही. मार्टवाले हल्ली मिरचीही ठेवतात, देठासह. ओसरीवर खुडणाऱ्या बायका आठाच्या चौदा झाल्या, आणि मजुरी आता १२ वरून १५ रुपये झाली आहे. अण्णांनी पाटीवरचा हिशेब त्याप्रमाणे बदलला, भाव तीन रुपयांनी वाढवला, आणि कोणी काही विचारले नाही.

यंदा फाल्गुनात एक तरुण सून दुकानात आली. सासूबाई दिवाळीत वारल्या होत्या. "आक्का, आमच्या घरातलं चटणीचं प्रमाण मला ठावं न्हाई. आत्या असताना मी कधी विचारलंच न्हाई," एवढे बोलून ती गप्प राहिली. प्रमाण मोबाईलमध्ये होते, धाकट्याने ते काढलेही होते. पण आक्कांनी खिळ्यावरची वही काढली. पाने उलटून ती ओळ शोधली आणि सावकाश वाचून दाखवली. ब्याडगी तीन, संकेश्वरी दीड, लवंगी पावशेर. खाली वेगळ्या शाईत, आत्यांनी सांगितलेले: खोबरे जरा जास्त भाजणे.

मुलीने पदराने डोळे टिपले. मग म्हणाली, "लवंगी काढा आक्का. पोरं खात न्हाईत."

आक्कांनी पेन उघडले, लवंगीवर रेघ मारली आणि समोर यंदाचे साल घातले. धाकट्याने रिकामे पातेले काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला.